पानकाची चव

देवाच्या नैवेद्याची चव आधी घेऊन पाहावयाची नसते, हा नियम लहानपणी मला मोठा अन्यायाचा वाटे. खीर असो, पातोळ्या असोत. पातेले चुलीवरून उतरले की त्यावर झाकण पडे आणि आम्हां मुलांना दाराबाहेर काढले जाई. चाखणे तर दूरच, वाकून वास घेणेही वर्ज्य. कारण वास घेतला की अर्धे जेवण झाले, असे आमच्या घरातील वडीलधारी माणसे मानीत. त्या वेळी मनात येई ते इतकेच, की देवाला आधी मिळते आणि आपल्याला मागाहून. परंतु हे सारे रांधणाऱ्या बाईला चव न घेताच ते नीट रांधावे लागते, ही गोष्ट माझ्या ध्यानी यावयास साठ वर्षे जावी लागली.

आमचे गाव अंत्रुज महालातले. गावात रामाचे लहानसे देऊळ आहे आणि रामनवमीच्या पानकाची सेवा पूर्वापार आमच्या घराकडे आहे. माध्यान्ही जन्म झाला, पाळणा हालला, गुलाल उधळला, की सकाळपासून उपाशी बसलेल्या मंडळींच्या हाती पहिले जे पडते ते हे पानक. माणसे तीनशेच्या घरात असतात. बाहेर चैत्राचे ऊन, सभामंडपात दाटी, कीर्तन ऐकता ऐकता घशाला पडलेली कोरड. अशा वेळी पेलाभर पानकाची जी गोडी लागते ती एरवी पंचपक्वान्नांची लागणार नाही.

बहुतेक ठिकाणी रामनवमीचे पानक म्हणजे गुळाचे पाणी, त्यात सुंठ, मिरी आणि वेलची. कोठे लिंबू पिळतात, कर्नाटकात खरबुजाचेही करतात. आमच्या घरी मात्र त्यात कैरी पडते. कोकणीत जिला आम्ही ‘तोर’ म्हणतो ती. म्हणजे खरे पाहता हे पन्ह्याचेच सख्खे भावंड. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घाटावर जे पन्हे देतात त्याहून पातळ आणि थोडे तिखट, एवढाच भेद. ही चाल घरात कोणी पाडली ते कोणालाच ठाऊक नाही. परंतु सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात कैरी पाण्यात उकडून, हाताने घट्ट कुस्करून, साखर, गार पाणी, कापूर आणि मिरी घालून करावयाचे एक प्रपानक सांगितले आहे, आणि ते भीमसेनाने निर्माण केले असा त्याचा गौरवही केला आहे. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राबलेल्या भीमाला हे श्रेय मिळावे हे योग्यच. मात्र रामाच्या जन्माला भीमाचे पेय, ही गंमत मी आमच्या काकीला सांगितली तेव्हा ती हसली नाही. “भीम रांदपी आशिल्लो न्हय?” एवढेच म्हणाली आणि कैऱ्या निवडू लागली.

काकी आमच्या घरात आली ती गोवा मुक्त झाल्यानंतरच्या पहिल्या वैशाखात, १९६२ साली. पुढची काही वर्षे सासूच्या हाताखाली आणि नंतर एकटीने तिने हे पानक केले. तिची रीत मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण पाहणे आणि कळणे यांत अंतर असते.

अष्टमीच्या दुपारी कैऱ्या येत. देठ कापून त्या तासभर पाण्यात बुडवून ठेवावयाच्या, म्हणजे चीक निघून जातो; हे न केले तर घसा खवखवतो. मग सालीसकट उकडावयाच्या. साल पिवळट होऊन तडकली की उतरवून, निवल्यावर सोलून, कोय हातात धरून गर पिळून काढावयाचा आणि चाळणीतून घासून घ्यावयाचा. गूळ बारीक चिरून गार पाण्यात विरघळवावयाचा आणि पातळ फडक्यातून दोनदा गाळावयाचा, कारण चांगल्या गुळातही वाळू निघते. वाटीभर गराला दोन वाट्या गूळ आणि दहा वाट्या पाणी. त्यात दहाबारा मिरे, बोटाच्या पेराएवढी सुंठ, सहासात वेलदोडे, सारे त्याच दिवशी कुटलेले. वर तुळशीची पाने. कापूर पूर्वी घालीत, साऱ्या भांड्याला मोहरीच्या दाण्याएवढा. पण खात्रीचा खाण्याचा कापूर मिळेनासा झाला तेव्हा काकीने तो बंद केला. (देवापुढे जाळावयाचा बाजारी कापूर पोटात जाता कामा नये, तो विषारी असतो. एखादी उत्साही सून पानकात तोच टाकील या भीतीने हे येथे लिहून ठेवतो.)

आता ज्याची चव घ्यावयाची नाही त्यात ही मापे कितीशी उपयोगी? कैरी ही काही मापाला बांधलेली वस्तू नव्हे. नवमी कधी मार्चअखेर येते, कधी एप्रिलच्या मध्यावर. त्या पंधरावीस दिवसांत कैरीचा सारा स्वभाव पालटतो. मार्चातली कैरी कोवळी, कोय न धरलेली, आंबटाहून तुरट अधिक; एप्रिलातली गरदार, मनाने थोडी निवळलेली. गूळही दरवर्षी वेगळा, खाऱ्या जमिनीतल्या उसाचा असला तर चक्क खारट. यावर काकीची एक युक्ती होती. अष्टमीच्या रात्री त्याच टोपलीतल्या चार कैऱ्या आणि त्याच ढेपेतला गूळ घेऊन ती एक तांब्याभर पानक निराळे करी. ते देवाचे नव्हे, घरचे. म्हणून ते चाखण्यास कोणाची हरकत नव्हती. ती घोट घेई, गूळ वाढवी, पुन्हा घोट घेई, आणि समाधान झाले की उरलेले आम्हां मुलांना वाटून टाकी. आम्हांला वाटे, काकी आमच्या लोभी जिभा शांत करते आहे. प्रत्यक्षात ती उद्याचे पानक आजच चाखून ठेवीत असे. दुसऱ्या दिवशी फक्त हाताने त्याची आवृत्ती करावयाची. “जीब भायर दवर, हात भितर घाल,” असे ती म्हणे.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसाला पानकाची उपमा दिली आहे. पानकात गूळ, मिरी वगैरे सारे असते, पण पिताना गूळ निराळा आणि मिरी निराळी लागत नाही. सर्वांहून वेगळी अशी एकच चव येते, तसा काव्यातला रस. कॉलेजात असताना हा भाग मी परीक्षेपुरता पाठ केला होता. काकी मम्मटाचे नावही ऐकून नव्हती. पण एखाद्या वर्षी वेलची पुढे आली की “आयज येळी उलयता” म्हणून ती नाराज होई. आज वेलचीच बोलते आहे.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे देवळात उत्सव असा झालाच नाही. पुजाऱ्यांनी पळीभर गुळाचे पाणी दाखविले तेवढेच. २०२१ च्या मे महिन्यात काकीला कोविड झाला. पंधरा दिवसांत ती उठली, हिंडूफिरू लागली, आणि वयाच्या मानाने ती सुखरूप सुटली असे आम्ही सर्वांनी धरून चाललो.

२०२२ सालची रामनवमी १० एप्रिलला होती. दोन वर्षांनी उत्सव, म्हणून गावाबाहेरची कुळावी मंडळीही आली होती. मी नोकरीतून निवृत्त होऊन घरी परतलेलो. काकीच्या हाताखाली लुडबूड करण्यात मला धन्यता वाटत होती. अष्टमीच्या रात्रीचा तांब्या उत्तम साधला. सकाळी माडीवरून पानकाचे मोठे पितळी तपेले खाली काढले. ते दोन वर्षे पडून होते. मी चिंच आणि राख लावून ते घासले, धुतले. काकीने नेहमीप्रमाणे त्यात तोंड घालून वास घेतला आणि मान हलविली. दरवर्षीचा हा तिचा प्रघात. भांडे कसे आहे ते ती नाकाने पाही. सकाळी आठला पानक तयार झाले, त्यावर ओले फडके बांधले आणि ते देवळात पोहोचले.

पाऊण वाजता वाटप सुरू झाले. पहिल्या घोटाला लोक थबकत आहेत हे मला दिसले, पण उन्हाने दिसत असेल असे वाटले. मग मी स्वतः पेला तोंडाला लावला. पानक कळकले होते. ज्यांनी कळकलेले ताक चुकून तरी तोंडात घेतले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. जिभेवर तांब्याचा पैसा ठेवावा तशी ती चव असते आणि पोटातून उमाळा येतो. तपेल्याची कल्हई जागोजाग उडाली होती. आंबटाला पितळेचा संसर्ग झाला की त्यातले तांबे आणि जस्त पेयात उतरते. मध्ये कथलाचा थर असतो तो याचसाठी. पूर्वी पावसाळा सरला की कल्हईवाला आपला भाता, नवसागर आणि कथलाची कांडी घेऊन गावात बसे, आणि घरोघरची भांडी आपोआप त्याच्याकडे जात. स्टीलची भांडी आली, तो यावयाचा थांबला, आणि आम्हीही विसरलो.

आणि मी ते पाहिले होते. घासताना तपेल्याच्या बुडाशी पिवळे डाग दिसले होते, आणि चिंचेने पितळ कसे झळकले म्हणून मी मनाशी खूशही झालो होतो! माझे डोळे शाबूत होते. उपयोग मात्र शून्य.

एका लहान मुलाला तेथेच ओकारी झाली. दोघा वृद्धांना संध्याकाळपर्यंत मळमळत होते. सुदैवाने त्याहून अधिक काही घडले नाही. कोणी शब्दही बोलले नाही. आमच्या गावात देवळातल्या गोष्टीला तोंडावर नावे ठेवीत नाहीत. एका यजमानांनी तर “उष्मा फार आहे” म्हणून आमचीच समजूत घातली. परंतु देवळाच्या कट्ट्यावर भरलेल्या पेल्यांची रांग लागली होती. काकीने आपला पेला पुरा पिऊन टाकला होता. बाहेर येताना तिने ती रांग पाहिली आणि ती उभी राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण पाळणा गाणाऱ्या बायका घरी गेल्या तरी ती तेथेच होती.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, “म्हाका वास येना रे. वर्स जालें.”

एक वर्ष तिने हे कोणाला कळू दिले नव्हते. फोडणी करपली तर डोळ्यांनी ओळखायची, दूध नासले तर बोट बुडवून. मोगरा देवाला वाहताना सवयीने हात नाकाशी न्यायची आणि मग तसाच खाली आणायची. हे मला मागाहून आठवले. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळत होते, म्हणून तांब्याची परीक्षा तिला देता आली. पण वेलचीचे वेलचीपण, तुळशीचे तुळसपण, उकडलेल्या कैरीला येणारा तो विशिष्ट दरवळ, हे सारे नाकाचे. ते गेले होते. आणि रिकाम्या तपेल्यात तोंड घातल्यावर काहीच वास आला नाही, याचा अर्थ तिने भांडे निर्मळ आहे असा घेतला होता.

पुढील वर्षी बाटलीतले तयार सरबत आणून पाण्यात मिसळावे, सर्वांनाच सोयीचे होईल, असे देवळाच्या मंडळींपैकी एकांनी सुचविले. त्यांच्या मनात डंख नव्हता. मी होकार देऊन मोकळा होणार होतो. पण त्या रात्री काकीने मसाल्याचा खल धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. आणि तो ज्या रीतीने ठेवला ते पाहून मी मंडळींकडे एक वर्ष मागून घेतले.

ते वर्ष मी शिकण्यात घालविले. सेवानिवृत्त कारकुनाने वही काढून मापे लिहावी हे ओघानेच आले. काकीने वहीकडे ढुंकून पाहिले नाही. ती मला भलत्याच गोष्टी शिकवू लागली. गुळाचे पाणी अंगठा आणि बोट यांच्यात चोळून पाहावे. किंचित चिकटले पाहिजे, ओढ लागता कामा नये. उकळत्या कैऱ्यांचे झाकण न काढता कान द्यावा. साली तडकू लागल्या की पाण्याचा आवाज जड होतो. गराचा रंग कोवळ्या केळीच्या पानासारखा असला तर गूळ अर्धी वाटी अधिक, पिवळ्याकडे झुकला असला तर नाही. हे सारे तिला आधीही ठाऊक असले पाहिजे; पण नाक असताना त्यांची तिला गरज पडली नव्हती. वासाचा प्रश्न आला की ती माझ्याकडे पाही. “येळी उलयता?” मी सांगे, उलयता, किंवा उलयना. पहिले काही दिवस मी तिला बरे वाटावे म्हणून खोटे सांगत असे. तिने ते ओळखले आणि दोन दिवस मला स्वयंपाकघरात येऊ दिले नाही.

२०२३ ची नवमी ३० मार्चला, म्हणजे कोवळ्या कैरीच्या दिवसांत आली. तपेले शहरात नेऊन कल्हई करून आणले होते, तरी मी पानक त्यात केले नाही. स्टीलच्या डब्यात केले आणि मातीच्या माठांत भरून नेले. तुरटपणा थोडा राहिलाच. परंतु कट्ट्यावर रिकाम्या पेल्यांचीच चवड होती, आणि एका आजोबांनी तिसऱ्यांदा पेला पुढे केला. बाटल्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. काकी पानक प्याली आणि काही बोलली नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, “गोड जालां. आंबट जालां. मिरयांचो चटको लागता.” बाकीचे तिने माझ्यावर सोपविले होते, आणि त्या बाकीत काय गेले हे आम्हां दोघांनाही कळत होते.

पुढच्या वर्षी, २०२४ साली, नवमी १७ एप्रिलला होती आणि माझी मुलगी इंदूरहून आली होती. माळव्यातले पन्हे हा अगदी निराळा प्रकार. तेथे कैरी निखाऱ्यात भाजतात, त्यात काळे मीठ, भाजलेले जिरे आणि पुदिना घालतात, कारण तेथे लू वाहते आणि लू लागू नये म्हणून ते पितात. हवा कोरडी, त्यामुळे माठातले पाणीही तेथे असे गार होते की दात शिवशिवावे. आमच्याकडे हवेतच इतके पाणी, की माठ बापडा पाझरून पाझरून थकतो आणि पाणी कोमटाहून जरासे बरे एवढेच होते. मुलगी आमच्या माठाला नेहमी हसते.

देवळातले सारे आटोपल्यावर संध्याकाळी उरलेल्या कैऱ्यांचे तिने घरासाठी पन्हे केले. आमचा गूळ, तिचा पुदिना. पुदिना वाटला की कडवटपणा येतो, म्हणून पाने नुसती तळहातांत धरून थोपटावी आणि पेल्यात सोडावी, हे ती म्हणे पणजीच्या एका हॉटेलात पाहून शिकली होती. तेथे हल्ली कैरी, भिरंडां, मिरची, पुदिना आणि आपल्याकडचेच मद्य यांची मिसळ उंच पेल्यांतून देतात आणि तिला कॉकटेल म्हणतात. मद्य आणि मिरची वगळली तर त्यात भीमसेनाला अपरिचित असे फारसे काही नाही.

काकी ओसरीवर बसली होती. मुलीने तिला पेला दिला. तिने एक घोट घेतला आणि ती थांबली. दुसरा घेतला. मग पेला उजेडाकडे धरून आत पाहू लागली.

“हें कितें घातलां?”

मुलीने सांगितले.

“थंड लागता,” काकी म्हणाली आणि तिने बोट नाकाच्या शेंड्यावर ठेवले. “हांगा. हांगा थंड लागता.”

मी मागाहून एका डॉक्टर स्नेह्यांना याविषयी विचारले. पुदिन्याचा गारवा आणि मिऱ्याचा चटका ही वासाची कामे नव्हेत. चेहऱ्याला स्पर्श, ऊन, थंडी कळविणारी जी निराळी नस आहे तिच्या वाटेने ती जातात. वासाची वाट बंद झाली तरी ही उघडी राहू शकते. म्हणजे तिचे नाक परत आले नव्हते, आणि येईल असे त्यांनी सांगितलेही नाही. एवढेच, की तीन वर्षांनी तिच्या नाकाला काहीतरी पोहोचले होते. पूर्वीचा मोहरीएवढा कापूर चालू असता तर हे कदाचित आधीच कळले असते.

पण त्या संध्याकाळी मला यातले काही ठाऊक नव्हते. मला दिसत होते ते इतकेच, की काकी पेला दोन्ही हातांनी धरून लहान मुलासारखी हळूहळू पीत आहे आणि प्रत्येक घोटानंतर श्वास आत ओढून पाहत आहे. माझे मन भरून आले, आणि भरल्या मनाने माणूस बोलू नये ते बोलतो, तसे मी म्हणालो, “काकी, पुढच्या नवमीला आपण देवाच्या पानकातही पुदिना घालू.”

तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी दोन वर्षांत काहीच शिकलो नव्हतो.

“देवाक न्हय,” ती म्हणाली. “हें म्हाका.”

आणि रिकामा पेला तिने मुलीपुढे धरला.